बाबा पहिले, महापौर दुसरे

मला एका इटालियन शहराचे महायुद्धानंतरचे सगळे महापौर क्रमाने सांगता येतात. कोणी विचारत नाही, हा भाग वेगळा. सिंगापूरच्या सेंगकांगमध्ये आमच्या ब्लॉकखाली सकाळी फिरायला येणाऱ्या एका गृहस्थांना मी एकदा पहिले चार सांगितले, तेव्हापासून ते उलट्या दिशेने फेऱ्या मारतात. पहिला औषधाच्या दुकानाचा मालक होता. दुसरा वकील. तिसऱ्याने शहराच्या मधोमध असलेली तटबंदीची भिंत पाडायला काढली आणि अर्ध्यावर त्यालाच घरी जावं लागलं. चौथ्याला माझ्या वहीत अर्धीच ओळ मिळाली आहे, कारण तो जेमतेम एक हिवाळा टिकला.

माझं पोटापाण्याचं काम म्हणजे दुसऱ्यांच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधणं. पंचवीस वर्षं मी इथे तेच केलं, आधी नोकरीच्या पासवर, मग पीआर, म्हणजे कायमचा रहिवासी म्हणून, आणि आता इथलाच नागरिक म्हणून. अशा माणसाला माहितीची यादी अर्धवट राहिलेली सहन होत नाही. पण महापौरांच्या मागे मी लागलो ते मुलीमुळे.

सहा वर्षांपूर्वी ती जुन्या इमारतींच्या दुरुस्तीचं शिक्षण घ्यायला त्या शहरात गेली आणि तिथेच नोकरीला लागली. मुलगी कुठे राहते हे बापाला माहीत असावं असं माझं म्हणणं. तिचा पत्ता, घरमालकिणीचा नंबर, बसचा क्रमांक हे सगळं माझ्याकडे होतं, पण त्याने मला काही कळत नव्हतं. तिथली भाषा मला येत नाही. चीज मला पचत नाही. मग एके दिवशी त्या शहराच्या नगरपालिकेची वेबसाइट सापडली. ब्राउझर तिचं वेडंवाकडं इंग्रजी करून दाखवायचा. कुठला रस्ता खणलाय, कुठल्या चौकात शनिवारी बाजार भरणार नाही, शाळांना सुट्टी कधी, हे मी इथे बसून वाचू लागलो. आणि प्रत्येक बातमीत महापौर असायचाच.

मी पुण्याचा. माझ्या लहानपणी महापौर म्हणजे उद्घाटनाला येणारा माणूस. खरा कारभार आयुक्तांचा, असं घरी सगळे म्हणायचे. इथे सिंगापुरातही महापौर आहेत, पण ते नेमलेले असतात, आणि माझ्या मजल्यावरच्या एकालाही आपला कोण ते सांगता आलं नाही. तिथलं प्रकरण निराळं आहे. लोक थेट महापौर निवडतात, पाच वर्षांसाठी, आणि लागोपाठ दोनदाच. त्याचे सहकारी तोच निवडतो. त्याने राजीनामा दिला तर नगरसेवकांनाही घरी जावं लागतं आणि सरकार एक प्रशासक पाठवतं. माझ्या यादीत असा एक प्रशासक येऊन गेला आहे. त्याला वहीत घ्यावं की नाही यावर मी बायकोशी दोन आठवडे बोललो. ती म्हणाली, तुम्हाला खरोखरच काही काम नाही.

सध्याचा महापौर हा माझा महापौर. आधी शाळेत गणित शिकवायचा. सायकलवरून फिरतो. मी वेबसाइट वाचायला लागलो त्याच्या थोडं आधी तो दुसऱ्यांदा निवडून आला होता, म्हणजे त्याची ही जवळजवळ सगळी कारकीर्द माझ्या डोळ्यांखालून गेली.

मुलीचा फोन दर रविवारी येतो. आमचे तिघांचे चेहरे स्क्रीनवर जमले की पहिली पाच मिनिटं आई-मुलीची, आणि मग मी विचारायचो, "काय म्हणतात महापौर?" हा आमचा ठरलेला खेळ होता. "तुमचा मित्र ना?" असं म्हणून ती सुरू व्हायची. कचऱ्याच्या डब्यांवरून लोक कसे चिडलेत, नदीकाठचा पूल कसा अजून तसाच आहे. पुलाचं काम का रखडलंय ते मी तिला सांगायचो आणि ती हसून तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणायची, "बाबा, I live here and you tell me, lah." गवयाला असतं तसं, मुलीशी बोलायला माझ्याकडे तेवढं एकच घराणं होतं म्हणा ना. त्यात मी तयारीचा होतो.

तीन वर्षांपूर्वी आम्ही दोघं तिच्याकडे जाऊन आलो. लोक तिथे चर्च पाहतात, मी नगरपालिका पाहिली. जिन्यात एका संगमरवरी पाटीवर सगळ्या महापौरांची नावं कोरलेली आहेत. मी पाटीकडे पाठ करून सगळी म्हणून दाखवली आणि दारावरच्या माणसाने टाळ्या वाजवल्या. मुलीने तोंडावर हात घेतला होता, पण ती खूश होती, मला दिसत होतं. प्रशासकाचं नाव त्या पाटीवर नाही, हे मी बायकोला तेव्हाच दाखवलं.

त्या दारावरच्या माणसाने आम्हाला वर एका लांबट हॉलमध्ये नेलं. तिथे थोड्याच वेळात एक लग्न लागणार होतं, मागे उभे राहून बघा म्हणाला. त्या देशात महापौर लग्न लावतो हे मी वाचलं होतं. माझ्या डोक्यात आपल्याकडचं रजिस्ट्रारचं ऑफिस होतं, शिक्के आणि स्टॅम्प पॅड. महापौर आला. बाहेर सायकल लावून, विजारीला लावलेली क्लिप काढत आला. त्याने पिशवीतून हिरवा-पांढरा-लाल पट्टा काढला, उजव्या खांद्यावरून डाव्या कमरेकडे घेतला, आणि सरळ उभा राहिला. पट्टा घातल्यावर तो माणूस दुसराच झाला. त्याने कायद्याची तीन कलमं वाचली. नवराबायकोने एकमेकांशी एकनिष्ठ राहावं, एकमेकांना साहाय्य करावं, मुलांना वाढवावं. मुलगी माझ्या कानात भाषांतर करत होती. मग त्याने आधी एकाला विचारलं, मग दुसरीला, आणि कायद्याच्या नावाने सांगितलं की तुम्ही आता पतिपत्नी आहात. नवरानवरीच्या आणि दोन साक्षीदारांच्या रजिस्टरमध्ये सह्या झाल्या. पहिल्या रांगेत नवरीचा बाप रुमालाने डोळे पुसत होता. सगळं मिळून अकरा मिनिटं लागली. मी घड्याळ लावलं होतं.

बाहेर आल्यावर मुलीने आम्हाला एका कॅफेत बसवलं आणि थोड्या वेळाने तिथे एक इटालियन मुलगा आला. जुन्या भिंतींचा गिलावा पूर्ववत करणं हे त्याचं काम. बुटांवर पांढरी धूळ. उठून उभा राहिला, नमस्कार केला, खाली बसताना पाण्याचा ग्लास सांडला. मला आवडला. बायकोला माझ्या आधीच आवडला होता, म्हणजे तिला आधीच माहीत होता, हे मला त्या दिवशीच कळायला हवं होतं.

मुलगी म्हणाली, घाई नाही, पण पुढेमागे आम्ही इथे महापौरांसमोर सह्या करू आणि मग सिंगापूरला येऊन सगळं आपल्या पद्धतीने करू. मी कप खाली ठेवला. मी म्हणालो, आत्ता वर जे पाहिलं ते सह्या करणं नव्हतं. ते लग्न होतं. जे आधी होतं तेच लग्न. त्यानंतर अंतरपाट धरला तर तो फोटोसाठी. दुसऱ्या खेळाला मी येणार नाही. आवाज चढला होता माझा, शेजारच्या टेबलावरचे बघत होते. मी रागीट आहे हे मला कोणी सांगायला नको. पण मला एकच मुलगी आहे, आणि ती एकदाच लग्नाला उभी राहणार, तेव्हा मला तिथे असायचं होतं. एवढंच मागत होतो.

तिने माझा हात हातात घेतला. "Okay, बाबा. बाबा पहिले, महापौर दुसरे. Can?"

"कॅन," मी म्हणालो.

बायको कॉफीत साखर ढवळत होती. ती कॉफीत साखर घेत नाही.

शेवटी लग्न गेल्या डिसेंबरचं ठरलं. इथेच, ओळखीच्यांच्या कॉन्डोतल्या, म्हणजे सोसायटीतल्या फंक्शन रूममध्ये. तिथे अग्नी पेटवायला परवानगी नाही, म्हणून सप्तपदी तुपाच्या निरांजनाभोवती घ्यायची असं आमच्या गुरुजींनी सुचवलं. गुरुजी यिशुनला राहतात, आठवडाभर एका बँकेचे डेटाबेस सांभाळतात आणि शनिवार-रविवार मुंजी-लग्नं लावतात. त्यांच्याशी मी मुहूर्त, अंतरपाट, सगळं पक्कं केलं. महापौरासाठीही मी तयारी चालवली होती. लग्नानंतर मुलगी त्याच्यापुढे सही करायला जाईल तेव्हा तिच्या हातून द्यायला माझ्या वहीतली यादी मी चांगल्या कागदावर देवनागरीत लिहून काढत होतो. त्याच्या शहराचे महापौर मराठीत कोणी लिहिले नसतील याची मला खात्री होती. प्रत्येकापुढे एक ओळ, कोण होता, काय करून गेला. त्याच्या नावापुढची ओळ मी कोरी ठेवली होती. तिथे लिहायचं होतं, याने माझ्या मुलीच्या लग्नाची नोंद केली.

जुलैमध्ये बायको दहा दिवस पुण्याला गेली. तिच्या बहिणीच्या गुडघ्याचं ऑपरेशन होतं. विमानतळावर येऊ नका म्हणाली, उगाच हेलपाटा. मी बॅग खाली टॅक्सीपर्यंत नेली. गुडघ्याच्या मानाने बॅग जड होती. तिथून ती रोज फोन करायची, पण चेहरा दाखवायची नाही; ताईकडचं वायफाय धड नाही म्हणाली. परत येताना भाकरवडी आणली. पुडक्यावर इथल्या आयातदाराचं स्टिकर होतं, अर्धवट खरवडलेलं. इथल्या सेरंगून रोडवरच्या भारतीय दुकानात असतं तसं. मी ते पाहिलं, आणि दोन वड्या खाऊन पुडकं बंद केलं. आयुष्यभर लोकांच्या चुका शोधल्या त्या माणसाची ही गत.

सप्टेंबरमधल्या एका मंगळवारी सकाळी मी चहा घेऊन नेहमीप्रमाणे लॅपटॉप उघडला. महापौराची दुसरी कारकीर्द संपत आली होती. आपल्या शेवटच्या उन्हाळ्यात आपण लावलेल्या लग्नांचे फोटो त्याने आपल्या पानावर टाकले होते. मला बरं वाटलं. म्हटलं, बघू तरी किती जोडपी आहेत. मी एकेक पुढे करत गेलो. प्रत्येक फोटोत तो पट्टा, तो हॉल, ती खुर्च्यांची रांग. सातव्या की आठव्या फोटोत पट्ट्याला एक घडी पडली होती, म्हणून मी मोठा करून पाहिला. घडीच्या शेजारी माझी मुलगी होती. आंबा रंगाची साडी, केसात पांढरी फुलं. तिच्या पलीकडे तो मुलगा, धूळ नसलेल्या बुटांत. आणि टेबलावर वाकून, साखळीचा चष्मा नाकावर ओढून, कोणीतरी रजिस्टरमध्ये सही करत होतं. माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं ते सांगतो. मला वाटलं, ही बाई अगदी हिच्यासारखी दिसते.

बायको स्वयंपाकघरात गवार मोडत बसली होती. दोन हाताच्या अंतरावर. गवारीचा तो कटकट आवाज चालू होता आणि मी फोटोकडे बघत होतो. सही करणारीच्या अंगावरची साडी आमच्या लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला मी घेतलेली. सही करताना ती जीभ दाताखाली धरते, तशी धरली होती. फोटोखाली फक्त 'शनिवार' लिहिलं होतं.

मग एकेक गोष्ट आपोआप जागेवर बसायला लागली, आणि ते थांबवता येईना. ती एकदा म्हणाली होती, ठेवते, जेवायला बसतोय. माझे संध्याकाळचे सात वाजले होते. पुण्यात साडेचार. साडेचारला कोण जेवतं? तिथे मात्र बरोबर एक वाजला होता. नंतरच्या कितीतरी रविवारी मी विचारलं होतं, काय म्हणतात महापौर, आणि मुलगी म्हणाली होती, दिसलेच नाहीत बाबा, busy असतील. ही माझ्या शेजारी बसून ते ऐकत होती. एकदा तर हसलीही होती.

मी लॅपटॉप उचलला आणि गवारीच्या परातीशेजारी ठेवला. तिने पाहिलं. हात पदराला पुसले. तिने नाकारलं नाही याचाही मला राग आला.

मग तिने सांगितलं. मुलीची नोकरी ज्या कराराची होती तो संपणार होता आणि त्याबरोबर तिथे राहण्याचा परवानाही. डिसेंबरपर्यंत थांबलं असतं तर देश सोडावा लागला असता, मग पुन्हा अर्ज, पुन्हा वाट पाहणं. लग्नाने ते सुटणार होतं. जूनमध्येच दोघींनी ठरवलं. मुलगी म्हणत होती बाबांना सांगू. हिनेच नको म्हटलं. साक्षीदार आपल्या घरचं कोणीतरी असावं, म्हणून ही गेली.

"तो कागद होता हो," ती म्हणाली. "परवान्यासाठीचा कागद. लग्न डिसेंबरमध्येच आहे."

"तू तिथे उभी होतीस," मी म्हणालो. "तो तिला विचारत होता, ती हो म्हणाली, तेव्हा रडलीस का?"

तिने परातीतली एक शेंग उचलली. मग म्हणाली, "रडले."

"मग तो कागद नव्हता."

ती म्हणाली, सांगितलं असतं तर तुम्ही आकाशपाताळ एक केलं असतं, पोरीला तिथून परत बोलावलं असतं. असेल. कदाचित केलं असतं. चार दिवस कोणाशी बोललो नसतो, वहीसुद्धा फेकली असती. आणि पाचव्या दिवशी तिकीट काढलं असतं. हे मला माहीत आहे, आणि बत्तीस वर्षं माझ्याबरोबर राहिलेल्या बाईला ते माहीत नसेल यावर माझा विश्वास नाही. माझ्या रागाची भीती सगळ्यांना सोयीची पडली. तेरा तासांवर माझ्या मुलीचं लग्न लागत होतं आणि मी खालच्या हॉकर सेंटरमध्ये एकटा बसून इडली खात होतो, मेहुणीच्या गुडघ्याची काळजी करत.

मी तिला सांगितलं, मुलीला कळवायचं नाही. रविवारी मी बोलेन. तिने कळवलं नाही. एवढं तरी ऐकलं.

रविवारी तिघांचे चेहरे जमले. पाच मिनिटं त्यांची झाली. बायको माझ्याकडे बघत नव्हती. मी विचारलं, "काय म्हणतात महापौर?" मनात मी तिला अजून एक संधी देत होतो. तिने सांगावं असं मला इतकं वाटत होतं की माझे हात टेबलाखाली घट्ट धरलेले होते.

"कोण जाणे, बाबा," ती म्हणाली. "मी त्यांना लांबूनच बघते lah."

"त्यांच्या पट्ट्याला घडी पडली होती," मी म्हणालो. "तू इतकी जवळ होतीस, नीट करायला सांगायचं होतंस."

स्क्रीनवर तिचा चेहरा तसाच राहिला, मला वाटलं नेट गेलं. मग ती रडायला लागली. ती बरंच बोलली, इंग्रजीत आणि मराठीत, परवाना, वकील, तारखा. सगळं खरं होतं. मी एवढंच म्हणालो की मला विचारायचं तरी. ती म्हणाली, तुम्ही नाही म्हणाला असतात. मी म्हणालो, तो नकार माझा होता, तुम्ही दोघींनी तो माझ्या वतीने देऊन टाकलात. आणि लॅपटॉप मिटला.

पुढचे दोन-अडीच महिने कसे गेले ते सांगण्यासारखं नाही. मुलीचे लांबलचक मेसेज यायचे. मी 'वाचलं' एवढं उत्तर द्यायचो. वेबसाइट उघडणं मी बंद केलं. देवनागरीतली यादी चांगल्या कागदासकट कपाटात गेली. बायको माझ्याशी नेहमीसारखी वागत होती, किंबहुना जरा जास्तच चांगली, रोज काहीतरी माझ्या आवडीचं. मला ते जेवण जायचं नाही. ती फोनवर कोणाशी बोलायला बाल्कनीत गेली की मी कान द्यायचो. या वयात आपल्याच घरात कान द्यावा लागतो याची मला लाज वाटायची, आणि तरी मी द्यायचो.

डिसेंबरचं लग्न मोडायचा विचार माझ्या मनात आला नाही. आमंत्रणं गेली होती, गुरुजी ठरले होते, त्या मुलाच्या आईबापांची तिकिटं झाली होती. मी बायकोला सांगितलं, गुरुजी जे सांगतील ते मी करीन. ती म्हणाली, झालं ना मग. तिच्या दृष्टीने झालं होतं. माझ्या दृष्टीनेही थोडंसं व्हायला लागलं होतं, खोटं का बोला. मुलगी आली, विमानतळावर गळ्यात पडली, आणि मी हात वर उचलून तिच्या पाठीवर ठेवला. मनात म्हटलं, पहिलं नाही तर नाही. अंतरपाट तर माझ्या समोर दूर होईल. तेवढं पाहू. त्या क्षणावर मी सगळं टेकवून ठेवलं होतं.

व्याही-विहीण आदल्या संध्याकाळी उशिराच्या विमानाने आले आणि थेट हॉटेलवर गेले, त्यामुळे आमची भेट लग्नाच्या सकाळी फंक्शन रूममध्येच झाली. विहीणबाई ठेंगण्या, पांढऱ्या केसांच्या, निवृत्त नर्स. माझ्याकडे बघताच लगबगीने आल्या आणि माझं मनगट धरलं. मला वाटलं, प्रेमाने धरलंय. मग पाहिलं तर त्या आपल्या घड्याळाकडे बघत होत्या. नाडी मोजत होत्या.

मोजून झाल्यावर त्यांनी फोन तोंडाशी धरून काहीतरी सांगितलं आणि फोनने ते इंग्रजीत म्हणून दाखवलं. आता हृदय कसं आहे? डॉक्टरांनी प्रवास करू नका सांगितलं हे कळलं तेव्हा आम्हाला फार वाईट वाटलं. महापौरांनी लग्न लावण्याआधी भर हॉलमध्ये तुमचं नाव घेतलं, वधूचे वडील आजारी असल्यामुळे येऊ शकले नाहीत, त्यांना या शहराच्या शुभेच्छा. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

मी मान वळवली. मुलगी मुंडावळ्या बांधून चार पावलांवर उभी होती. बायकोच्या हातात अक्षतांचं ताट होतं. दोघींना ऐकू गेलं होतं. मला दिसत होतं की हे उरलं होतं आणि हे त्यांनी मला सांगितलं नव्हतं. ज्या माणसाची मी चार-पाच वर्षं वही लिहिली त्याने माझं नाव घेतलं होतं, त्या हॉलमध्ये, पट्टा घालून. आणि आजारी म्हणून घेतलं होतं.

विहीणबाईंनी फोन माझ्या तोंडापुढे धरला. तो माझ्या उत्तराची वाट बघत होता. मी ठणठणीत आहे, मला कधी काही झालं नव्हतं, मला सांगितलंच नव्हतं. तीन छोटी वाक्यं, फोनने ती व्यवस्थित इटालियनमध्ये म्हटली असती. त्यानंतर त्या बाई माझ्या मुलीकडे वळल्या असत्या. मुलगी माझ्याकडे बघत होती, लहानपणी शाळेतून चिठ्ठी आली की बघायची तशी.

"आता बरं आहे," मी इंग्रजीत म्हणालो.

फोनने ते सांगितलं. विहीणबाईंनी माझ्या दोन्ही गालांना गाल लावले, डोळे पुसले आणि मागे वळून नवऱ्याला काहीतरी म्हणाल्या. त्यांनी कोपऱ्यातली एक खुर्ची उचलून आणली आणि अगदी काळजीपूर्वक माझ्या मागे ठेवली.

गुरुजींनी अंतरपाट धरायला सांगितला. मंगलाष्टकं सुरू झाली आणि सगळे अक्षता घेऊन उभे राहिले, दाटीवाटीने पुढे सरकले. मी उठायला लागलो तर विहीणबाईंचा हात खांद्यावर आला आणि त्यांनी मला हलकेच पण ठामपणे खाली बसवलं. ओळखीचे एकदोघे वळून बघायला लागले, काकांना काय झालं म्हणून. मी हाताने खूण केली, काही नाही. समोर नुसत्या पाठी होत्या, शेले आणि साड्या, आणि माझ्या डोक्यावरून तांदूळ पुढे जात होते. शेवटचं कडवं झालं. अंतरपाट दूर झाला ते मला दिसलं नाही, टाळ्यांवरून कळलं.